जंगलातल्या तळ्यावर ट्रेक करून जायचंय आणि पोहायचंय, काय काय सांभाळायचं?

पायवाटी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात होतं, आता तारीख ठरलीच म्हणून धागा काढतेय. आम्ही पाच जण जंगलातल्या एका तळ्यावर जाणार आहोत. गाडीरस्ता संपतो तिथून पुढे ९ किलोमीटर चाल आणि साधारण ४५० मीटर चढ, वाट जवळजवळ सगळी झाडीतून. सकाळी निघायचं, तळ्यावर पोचलं की मनसोक्त पोहायचं, थोडं पडायचं आणि अंधाराच्या आत परत. आमच्यातले तिघं टँकवर नियमित पोहतो, मी स्वतः न थांबता ४० लॅप मारते. चौथी मैत्रीण जेमतेम हातपाय मारते आणि माझ्या भावाला अजिबात पोहता येत नाही, पण त्याला यायचंच आहे. फोटोत तळं इतकं शांत दिसतं की कधी एकदा उतरतो असं झालंय. उघड्या पाण्यात पोहण्याचा अनुभव मात्र आमच्यापैकी कुणालाच नाही. जे असं जाऊन आलेत त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, मी सगळं वाचणार आहे.

टिटवी

आधी वेळेचं बघ. चालायच्या वेळेचा एक जुना हिशोब आहे, नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये मांडलेला, आणि अजूनही बऱ्यापैकी लागू पडतो. दर ५ किलोमीटरला १ तास आणि दर ६०० मीटर चढाला वर अजून १ तास. म्हणजे तुमचे ९ किलोमीटर आणि ४५० मीटर मिळून अडीच तासांच्या थोडं वर. पण हा आकडा न थांबता चालणाऱ्या सवयीच्या माणसाचा आहे. पाच जणांचा ग्रुप, फोटो, पाणी प्यायला थांबणं, कुणाच्या बुटाची लेस, हे सगळं धरून साडेतीन तास पकड. परतीला उतार असला तरी पोहून दमलेले पाय असणार, त्यामुळे परतीचे पण तीन तास बाजूला ठेव. मग अंधार पडायच्या आधीचा एक तास राखीव ठेवून उलटं मोजत ये, म्हणजे तळ्यावर नक्की किती वेळ मिळतोय ते कळेल. लोक इथेच फसतात, पोचायलाच दुपार होते आणि मग घाईघाईत कपडे काढून सरळ पाण्यात.

जुना_पोहऱ्या

टिटवीनं शेवटच्या वाक्यात जे लिहिलंय ना, अगदी तेच मी केलं होतं, म्हणून जरा लांबण लावतो.

मी लहानपणापासून पोहतो, दम चांगला आहे, तासभर सहज पोहायचो. चार तास चालून तळ्यावर पोचलो, अंग तापलेलं, घामानं शर्ट चिकटलेला, आणि समोर ते हिरवं गार पाणी. सॅक टाकली, बूट काढले आणि खडकावरून उडी. पाण्याखाली गेलो त्या क्षणी छातीवर कुणीतरी पट्टा आवळल्यासारखं झालं आणि तोंड आपोआप उघडून श्वास आत ओढला गेला. मी ओढला नाही, ओढला गेला. डोकं अजून पाण्याखालीच होतं. नाकातोंडात पाणी गेलं, वर आलो तर श्वास इतका भरभर चाललेला की ओरडता येईना, हात मारायला गेलो तर ताळमेळच लागेना. काठ पाच-सहा हातांवर होता. तेवढं अंतर मी कसं कापलं ते मला आजही नीट आठवत नाही. मित्रांना वाटलं मी खेळतोय.

नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की याला कोल्ड शॉक म्हणतात. कातडी एकदम गार पडली की शरीर हा हिसका देतंच, तो थांबवणं आपल्या हातात नसतं. पाणी १५ अंशांच्या खाली असेल तर तो जोरात येतो, पण अंग तापलेलं असेल तर त्याहून कमी गार पाण्यातही चांगलाच जाणवतो. पहिल्या मिनिटात सगळ्यात वाईट असतं, दोन-तीन मिनिटांत श्वास जागेवर येतो. माइक टिप्टन नावाच्या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञांनी यावर आयुष्यभर काम केलंय आणि त्यांचा सल्ला इतका साधा आहे की पटत नाही: आधी तरंगा. पोहायची धडपड करू नका, उताणे व्हा, कान पाण्यात जाऊ देत, तोंड वर, हात हलकेच हलवत रहा, आणि श्वास ताब्यात आला की मगच काय ते करा.

म्हणून तळ्यावर पोचलात की आधी बसा. अर्धा तास तरी. पाणी प्या, थोडं खा, घाम सुकू दे. मग हात, मान, चेहरा ओला करा, पाय टेकतील अशा जागेवरून चालत आत जा, गुडघा, मग कंबर, तिथे थांबा, श्वास लांब सोडत रहा, आणि खांदे सगळ्यात शेवटी. यात पाच मिनिटं जातात. मी तीच पाच मिनिटं वाचवायला गेलो आणि जीवावर बेतलं.

पायवाटी

बापरे. दादा, तुम्ही इतकं मोकळेपणानं लिहिलंत त्याबद्दल खरंच आभार. पण एक शंका, आम्ही जाणार तेव्हा उन्हाळा आहे, हवा ३० अंशांच्या पुढे असेल. पाणी एवढं गार असेल का? काठावर तर कोमट लागतं म्हणतात.

गाळवेडा

काठावर कोमट लागतं हेच फसवं असतं. तळी हा माझा जुना नाद आहे त्यामुळे जरा खोलात जातो.

पाणी सगळ्यात जड असतं ते ४ अंशांच्या आसपास. त्यामुळे ऊन लागून तापलेलं हलकं पाणी वर तरंगतं आणि गार पाणी खाली बसून राहतं. मध्ये एक पट्टा असा असतो की तिथे थोड्याशा खोलीत तापमान झपकन उतरतं. उभं राहून पाय खाली सोडले की छातीला कोमट आणि पोटऱ्यांना बर्फ, हा अनुभव बऱ्याच जणांना असेल, ती हीच गोष्ट. आता मोठ्या उघड्या जलाशयात वारा पाणी घुसळतो, त्यामुळे वरचा कोमट थर जाड होतो. जंगलातलं तळं लहान असतं आणि चारी बाजूंनी झाडं वारा अडवतात. शिवाय पानं कुजून पाण्याला चहासारखा रंग आलेला असतो, तो रंग ऊन वरच्या वरच शोषून घेतो, खाली पोचूच देत नाही. म्हणजे वरचा थर अजून पातळ. वर २४ अंश आणि दोन-तीन मीटर खाली त्याच्या निम्मं, असं जंगलातल्या तळ्यात अगदी सहज असू शकतं. पोहताना आडवे आहात तोवर तुम्ही कोमट थरात, बुडी मारलीत की थेट गारठ्यात.

आणि त्या तपकिरी रंगाला घाण समजू नका. तो पानांतून आणि सालींतून उतरलेला अर्क असतो. अशा पाण्यात पोहायला फार छान वाटतं, मऊ मऊ लागतं. फक्त खालचं दिसत नाही.

तळ्यांचा असा पद्धतशीर अभ्यास पहिल्यांदा केला तो फोरेल या स्विस माणसानं, जिनिव्हा सरोवरावर, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. सरोवरशास्त्र हा विषयच त्यांनी उभा केला. तळ्याकडे बघायची नजर बदलते हे वाचून, म्हणून सांगितलं.

भरारी

मंडळी, माफ करा पण हा धागा वाचून ती मुलगी घरीच बसेल. मी पंधरा-वीस वर्षं जंगलातल्या तळ्यांत पोहतोय, एकटा, कसलंही सामान न घेता, आणि कधीच काही झालं नाही. पहाटेच्या वेळी धुकं पाण्यावरून सरकत असतं, एक पाखरू ओरडत नाही, आपल्या हाताच्या लाटा पार पलीकडच्या झाडांपर्यंत जाताना दिसतात, त्याची सर टँकला येत नाही. माणसानं थोडं घाबरणं सोडावं. पायवाटी, तू ४० लॅप मारतेस, तुला काहीही होणार नाही, बिनधास्त जा.

जुना_पोहऱ्या

भरारी, धुक्याचं अगदी खरं, मी पण अजून जातोच की. पोहणं सोडलेलं नाही. पण ४० लॅपचा भरवसा तिला देऊ नका. टँकमध्ये दर २५ मीटरला भिंत येते, तिला पाय लावून ढकलून घेतो, त्यात चार-पाच मीटर फुकट मिळतात आणि स्नायूंना क्षणभर विसावा. खाली निळी पट्टी असते म्हणून सरळ जातो. तळ्यात भिंत नाही, पट्टी नाही, मध्यावर धरायला काही नाही. आणि ही तीन तास चालून आलेली असणार. मलाही त्या दिवसापर्यंत कधीच काही झालं नव्हतं.

काठावरची

मी पोहत नाही. माझं काम काठावर बसायचं, म्हणून पायवाटीच्या भावासाठी लिहितेय. तो येतोय ते फार बरं आहे, त्याला उगाच सोबत आलेला समजू नका, तो तुमचा सगळ्यात महत्त्वाचा माणूस आहे.

बुडणारा माणूस हात हलवून ओरडेल ही समजूत डोक्यातून काढून टाका. फ्रान्सेस्को पिया नावाच्या लाइफगार्डनं खऱ्याखुऱ्या बुडणाऱ्या माणसांचं वर्षानुवर्षं निरीक्षण करून लिहून ठेवलंय की माणूस आवाज काढतच नाही, कारण तोंड पाण्याच्या वर येतं तेवढ्यात फक्त श्वास घेऊन होतो. हात बाजूला पसरून पाणी खाली दाबत असतात, त्यामुळे हलवता येत नाहीत. शरीर उभं, पाय मारत नाही, डोकं मागे, केस डोळ्यांवर आलेले पण बाजूला करत नाही. असं २० ते ६० सेकंद चालतं आणि मग माणूस खाली जातो. एवढाच वेळ. म्हणून काठावरच्यानं मोबाइल बघायचा नाही, पुस्तक नाही, डुलकी नाही. दर अर्ध्या मिनिटाला डोकी मोजायची. कुणी गप्प उभ्यानं पाण्यात दिसला तर "ठीक आहेस ना?" असं ओरडून विचारायचं, उत्तर आलं तर ठीक, नाही आलं तर लगेच हालचाल.

आणि हालचाल म्हणजे पाण्यात उडी नव्हे! हे मी हात जोडून सांगते. पोहता न येणाऱ्यानं तर नाहीच, येणाऱ्यानंही नाही. घाबरलेला माणूस जो हाताला येईल त्याच्यावर चढतो. काठावर पालथं झोपून लांब काठी, ओढणी, टॉवेल, जे असेल ते पुढे करायचं. नाही पुरलं तर दोर फेकायचा, दोराच्या टोकाला झाकण घट्ट लावलेली मोठी रिकामी बाटली बांधली की ती तरंगते पण आणि थोडंसं पाणी आत ठेवलं तर लांबही जाते. दोर तरंगणारा हवा, पाण्यात बुडणारा नको. आदल्या दिवशी घराबाहेर दहा वेळा फेकून बघायला लावा त्याला, पहिल्या चार वेळा तो भलतीकडेच जातो.

सागरगोटा

उडीबद्दल दोन शब्द. वरून सरळ पाहिलं तर पाण्याची खोली खऱ्याच्या पाऊणच दिसते, २ मीटर खोल असेल तर दीड वाटते, आणि काठावरून तिरकं पाहिलं तर त्याहूनही उथळ. यात पोहता न येणारे फसतात, कमरेएवढं असेल म्हणून पाय टाकतात आणि ठाव लागत नाही. पोहणारे फसतात ते वेगळ्या कारणानं. जंगलातल्या तळ्यात झाडं पडतात, त्यांची खोडं वर्षानुवर्षं कुजत नाहीत, पाण्याच्या दोन हात खाली आडवी पडून असतात, आणि तपकिरी पाण्यात दिसत नाहीत. सूर मारून डोकं आपटलं तर मान मोडते. यात कसलीही अतिशयोक्ती नाही, माझ्या शाळेतला एक मित्र वीस वर्षं व्हीलचेअरवर आहे. मागच्या वर्षी इथूनच मारला होता हे पण चालत नाही, पावसाळ्यात नवीन झाड येऊन पडलेलं असू शकतं, पाण्याची पातळी उतरलेली असू शकते. सूर मारायचाच नाही. संपलं.

पायवाटी

सगळ्यांचे मनापासून आभार. भाऊ शेजारी बसून वाचतोय, काठावरचीताईंचा प्रतिसाद त्यानं दोनदा वाचला आणि उद्याच दोर आणतो म्हणाला.

अजून एक प्रश्न. तिथे जाऊन आलेल्या एकीनं पाठवलेल्या फोटोत एका कोपऱ्यात पाणी हिरवंगार दिसतंय. त्यात उतरायचं का?

गाळवेडा

हिरवं म्हणजे काय यावर आहे. बारीक बारीक गोल पानं तरंगताना दिसत असतील तर ती पाणवनस्पती, त्रास नाही. काठी बुडवून वर काढली आणि केसांसारखे लांब हिरवे धागे लोंबले तर ते साधं शेवाळ, बुळबुळीत लागेल पण बहुतेक वेळा निरुपद्रवी. पण काठीला रंगाच्या डब्यात बुडवल्यासारखा हिरवा लेप बसला, किंवा पाण्यावर ऑइलपेंट सांडल्यासारखी साय दिसली, निळसर-हिरवी, कधी कुबट वास, तर ते निळं-हिरवं शेवाळ. नाव शेवाळ असलं तरी ते जिवाणू असतात, सायनोबॅक्टेरिया. त्यातले काही विष सोडतात, त्वचेवर पुरळ, पोटात गेलं तर उलट्या-जुलाब, यकृताला इजा. ते पाणी उकळलं तरी विष जात नाही. कुत्रा बरोबर असेल तर त्याला अजिबात जवळ जाऊ देऊ नका, कुत्री ते पाणी पितात, अंगाला लागलेलं चाटतात आणि काही तासांत मरूही शकतात. कोणतं विषारी आणि कोणतं नाही हे डोळ्यांनी कळत नाही, त्यामुळे साय दिसली की त्या पाण्यात नाहीच. ही साय वाऱ्यानं एका बाजूला गोळा होते, पण दुसरी बाजू स्वच्छ दिसली म्हणून ती लगेच सुरक्षित होत नाही हे लक्षात ठेवा.

अजून एक छोटी गोष्ट. गोगलगायी आणि बदकं असलेल्या उथळ कोमट पाण्यात पोहून आल्यावर कधी कधी अंगावर बारीक लाल फोड येतात आणि भयंकर खाज सुटते. पक्ष्यांच्या अंगातल्या कृमींची पिल्लं चुकून आपल्या कातडीत शिरतात आणि तिथेच मरतात, त्याची ती खाज. आठवडाभरात जाते. बाहेर आल्या आल्या टॉवेलनं खसखसून अंग पुसलं तर बरीचशी टळते.

धुकं

जळवा आणि गोचिडी राहिल्या. जळू लागली तर मीठ किंवा पेटती काडी लावू नका, त्यानं ती पोटातलं जखमेत ओकू शकते. तिचं बारीक टोक म्हणजे तोंड, त्याच्या कडेनं नख सरकवून पकड सोडवायची, मग दुसरं टोक. रक्त बराच वेळ वाहतं कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो, घाबरायचं नाही, दाबून धरायचं. गोचीड मात्र चिमट्यानं कातडीला अगदी टेकून पकडायची आणि सरळ वर ओढायची, पिळायची नाही. संध्याकाळी काखा, जांघा, गुडघ्यांच्या मागे, कानांच्या मागे बघायचं.

आणि पायाला ताजी जखम किंवा फुटलेला फोड असेल तर त्या दिवशी पाण्यात न उतरलेलं बरं. उंदरांच्या मुतातून लेप्टो नावाच्या तापाचा जंतू पाण्यात येतो आणि जखमेतून शिरतो. पोहून आल्यावर काही दिवसांनी, अगदी महिन्याभरानंही, जोराचा ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं झालं तर डॉक्टरांना तळ्यात पोहल्याचं आवर्जून सांगा, नाहीतर त्यांच्या डोक्यात ते यायचं नाही.

जुना_पोहऱ्या

धुकं, मिठाचं माहीत नव्हतं, आम्ही वर्षानुवर्षं पुडी बाळगत होतो. बरं झालं सांगितलंत.

अबोली_फूल

मध्येच विचारते, आमची आठ वर्षांची मुलगी पोहायला शिकतेय, तिला अशा ठिकाणी नेलं तर हवेचे दंडपट्टे पुरतील का?

काठावरची

नाही पुरत. दंडपट्टे, ट्यूब, फुगवायची बदकं ही खेळणी आहेत, निसटतात, वाऱ्यानं आत ओढली जातात आणि मूल मागे जातं. तिच्या वजनाचं, नीट बसणारं लाइफ जॅकेट घ्या, दोन पायांमधून पट्टा असलेलं. खांद्यांना धरून उचलून बघा, हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं आहे. आणि जॅकेट असलं तरी मोठं माणूस हाताच्या अंतरावर, काठावर नाही, पाण्यात.

टिटवी

विजेचं कुणीच लिहिलं नाही. उन्हाळ्याच्या शेवटी दुपारी ढग भरून येतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० पेक्षा कमी आकडे मोजून झाले तर ती १० किलोमीटरच्या आत आहे, तेव्हा पाण्यातून बाहेर. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं परत उतरायचं नाही. पाण्यात तुमचं डोकं हीच सगळ्यात उंच वस्तू असते. बाहेर आल्यावर एकट्या उंच झाडाखाली पण जायचं नाही.

पायांचं सांगते. पोहून ओले पाय तसेच मोज्यात कोंबले की परतीच्या वाटेवर फोड येणार म्हणजे येणारच. बोटांच्या मधलं नीट पुसा, कोरडे मोजे वेगळ्या पिशवीत न्या. पाण्यात उतरताना जुने सँडल किंवा पाण्याचे बूट घाला, गाळात काय रुतलेलं असेल सांगता येत नाही. शिट्टी गळ्यात. मिनिटाला सहा वेळा वाजवणं म्हणजे मदत हवी, हा डोंगरातला जुना संकेत.

आणि तळ्यात साबण नको, कितीही नैसर्गिक म्हणून विकलेला असला तरी. तो मातीतल्या जिवाणूंनी कुजतो, पाण्यात नाही. हात धुवायचे तर बाटलीत पाणी घेऊन काठापासून ६० मीटर तरी लांब. परसाकडेलाही तेवढंच लांब, वीतभर खड्डा करून.

भरारी

दोन दिवस विचार केला. वर मी जे "तुला काहीही होणार नाही" लिहिलं ते लिहायला नको होतं. मी ज्या तळ्यांत जातो तिथला प्रत्येक खडक मला पायानं माहीत आहे, आणि तो भरवसा मी दुसऱ्याला उसना देऊ शकत नाही. तेव्हा आता जे खरंच उपयोगी आहे ते लिहितो.

तळं आरपार पोहायचा मोह होतो, पलीकडचा काठ जवळ वाटतो. पाण्यावर अंतराचा अंदाज येत नाही कारण मध्ये मोजायला काही नसतं. आरपार जाऊ नका, काठाला समांतर पोहा, कधीही दहा-बारा हात मारून पाय टेकतील एवढ्या अंतरावर. जितका वेळ जाताना लागला तितकाच येताना लागणार, त्यामुळे मस्त वाटत असतानाच वळायचं, दमल्यावर नाही. दर सहा-आठ हातांनी डोकं वर काढून समोरचं एखादं वेगळं झाड बघायचं, नाहीतर माणूस गोल गोल जातो. टोपी भडक केशरी किंवा पिवळी, काळी टोपी तपकिरी पाण्यात काठावरून दिसतच नाही. कमरेला दोरी बांधून मागून ओढत न्यायचा फुगा मिळतो, पोहण्यात अडथळा येत नाही आणि दमलात तर त्याला धरून थांबता येतं. मी आता घेतलाय.

पायांना वेली लागल्या तर झटके मारू नका, त्या अजून गुंडाळतात. पाय स्थिर, उताणं व्हायचं, फक्त हातांनी हळूहळू आलात त्याच वाटेनं मागे. पोटरीत गोळा आला तरी तसंच, उताणं तरंगत पायाचा अंगठा स्वतःकडे ओढून धरायचा, सुटतो. आणि पाण्याखाली जास्त वेळ राहायची पैज लावताना आधी भराभर दहा-वीस श्वास घ्यायची सवय असते बऱ्याच जणांना, ती जीवघेणी आहे. श्वास घ्यावासा वाटणं हे कार्बन डायऑक्साइड वाढल्यानं होतं, तोच आधी बाहेर टाकला तर धोक्याची घंटा वाजतच नाही आणि माणूस पाण्याखाली शुद्ध हरपतो.

जुना_पोहऱ्या

भरारी, मनापासून धन्यवाद, हा प्रतिसाद मी छापून ठेवतोय.

बाहेर आल्यानंतरचं एक राहिलं. पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा साधारण २५ पट वेगानं ओढून घेतं. बाहेर येताना ठीक वाटतं आणि दहा मिनिटांनी हुडहुडी भरते, कारण बाहेर आल्यावरही शरीराच्या आतलं तापमान थोडा वेळ उतरतच राहतं. म्हणून थंडी वाजायची वाट न बघता लगेच ओले कपडे काढायचे, अंग पुसायचं, टोपी, कोरडे कपडे, थर्मासमधलं काहीतरी गोड गरम. शब्द अडखळायला लागले, बटणं लावता येईनात, तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही.

आणि देव न करो पण कुणाला पाण्यातून बेशुद्ध काढलं आणि श्वास नसेल तर पोट दाबून पाणी काढत बसू नका. सुरुवात तोंडानं श्वास देण्यापासून, मग छाती दाबणं, कारण अडलेलं असतं ते हवेचं. हे वाचून येत नाही, एका दिवसाचा प्रथमोपचार वर्ग करा. पाचातल्या दोघांनी तरी.

पायवाटी

जाऊन आलो! आल्या आल्या लिहायचं होतं पण पाय इतके दुखत होते की दोन दिवस गेले.

पोचायला तीन तास पन्नास मिनिटं लागली, टिटवीताई तुमचा अंदाजसुद्धा आम्ही ओलांडला. तळं फोटोपेक्षा लहान निघालं आणि फोटोपेक्षा कितीतरी सुंदर. पाणी खरंच चहाच्या रंगाचं, ओंजळीत घेतलं की मात्र स्वच्छ. फोटोतल्या त्या कोपऱ्यात आधी गेलो, काठी बुडवली, लांब हिरवे धागे आले, म्हणजे साधं शेवाळ. कुठेही साय नव्हती, तरी तो कोपरा सोडून वाळूच्या बाजूनं उतरलो.

अर्धा तास बसलो, आणि तो अर्धा तास फार जड गेला हे कबूल करते, समोर पाणी आणि आपण घाम सुकवत बसलोय. मग चालत आत. कमरेपर्यंत मजेत होतो, खांदे बुडवले आणि माझा श्वास तटकन अडकला, पाणी काठावर कोमट लागत असूनही. तुम्ही लिहिलं नसतं तर मी घाबरून काहीतरी वेडंवाकडं केलं असतं. उताणी झाले, कान पाण्यात गेले, सगळा आवाज बंद, वर फक्त झाडांचे शेंडे गोल रिंगणात आणि मध्ये आकाश. मनात आकडे मोजत होते, नव्वदच्या आसपास श्वास आपोआप सैल झाला. त्या नव्वद आकड्यांसाठी मी परत जाईन.

पंधरा मिनिटं पोहले, काठाच्या कडेकडेनं, केशरी टोपी घालून. एकदा पाय खाली सोडून बघितले, गाळवेडा म्हणाले तसंच, पोटऱ्यांना बर्फ. ४० लॅपवाली मी पंधरा मिनिटांत बाहेर पडावंसं वाटून बाहेर आले आणि बरोबर सात-आठ मिनिटांनी दात वाजायला लागले. कपडे बदललेले होते म्हणून निभावलं. जेमतेम पोहणारी मैत्रीण छातीएवढ्या पाण्याच्या पुढे गेलीच नाही आणि तिला सगळ्यांत जास्त मजा आली.

भाऊ पूर्ण वेळ खडकावर उभा होता, बसला पण नाही. दोर हातात गुंडाळलेला. दर थोड्या वेळानं त्याचा आवाज यायचा, एक, दोन, तीन, चार. सगळे बाहेर आल्यावर तो म्हणाला, मला पण तरंगून बघायचंय. मग आम्ही दोघं परत कमरेएवढ्या पाण्यात गेलो, मैत्रिणीनं दोर धरला, मी त्याच्या मानेखाली हात ठेवला. पहिल्या दोन वेळा तो ताठ झाला आणि पाय खाली गेले. तिसऱ्या वेळी त्याला श्वास सोडत रहा म्हटलं आणि हात हळूच काढून घेतला. त्याला ते कळलंच नाही, तो आकाशाकडे बघत होता.

काठावरची

वाचताना डोळे भरून आले गं. दोर किती लांबीचा घेतला होता त्यानं?

पायवाटी

२० मीटर, पिवळा, तरंगणारा. आता तो त्याच्या खोलीत खिळ्याला टांगलाय आणि सोमवारपासून साहेब टँकवर शिकायला जातायत.